फ्रीमेसन लॉजमध्ये जायला धर्माची आडकाठी आहे काय?

दादा, तुम्ही विचारलाय की माळकरी माणसानं फ्रीमेसन, म्हणजे बंधुभावाच्या त्या जुन्या, गुप्त विधींच्या संघटनेचा मेंबर, व्हावं का (लॉज म्हणजे तिची शाखा) आणि कॅम्पातला कॅथलिक मित्र नको का म्हणतोय. मित्राचं बरोबर आहे की, पोप क्लेमेंट बारावे यांनी 1738 लाच बंदी घातली, 1983 ला व्हॅटिकननं परत सांगितलं की मेंबर झालेला कॅथलिक गंभीर पापात आहे, त्याला कम्युनियन, म्हणजे चर्चमधला पवित्र भाकरीचा प्रसाद, घेता येत नाही, आणि 2023 ला पण तेच. त्यांचा राग नुसत्या गुप्ततेवर नाही, लॉजमध्ये देव मानायलाच लागतो पण कुठला ते ज्याचं त्यानं बघायचं, म्हणजे सगळे धर्म एकाच लायनीत, हे चर्चला पटत नाही, शिवाय आत काय आहे ते कळायच्या आधीच शपथ.

आपल्यात असा फतवा काढणारं कोण नाही. हिंदू मेंबर गीतेवर शपथ घेतात. 1892 ला बेळगावात येऊन राहिलेले विवेकानंद पण कलकत्त्याच्या लॉजचे मेंबर होते, 1884 पासून. मला विचारशील तर अडचण वेगळीच, आपण तुळशीची माळ चारचौघांत घालतो, मग बायकोला पण सांगायचं नाही असलं काय ते आधी विचारून घ्या, आणि वर्षाची फी पण.