वाचकांचे प्रश्न : कारखान्याच्या फाटकाशी संपणारी रेल्वे

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त जपानमध्ये योकोहामाला असते. मध्यंतरी सुटीच्या दिवशी ती उमी-शिबाउरा नावाच्या स्थानकावर जाऊन आली. गाडी तेथेच संपते, फलाटाला लागून पाणी आहे, पण स्थानकाबाहेर पडू देत नाहीत, असे ती सांगते. प्रवाशाला बाहेर पडू द्यायचे नाही, तर तेथे स्थानक बांधले कशाला? — एक वाचक, पलूस (जि. सांगली)

उत्तर : आपल्या मुलीने सांगितले ते खरे आहे. हे स्थानक योकोहामातील त्सुरुमी या स्थानकातून निघणाऱ्या त्सुरुमी रेल्वेमार्गाच्या एका फाट्याचे शेवटचे टोक असून, त्सुरुमीपासून ते अवघ्या 4.7 किलोमीटरवर आहे. त्याचे एकमेव दार तोशिबाच्या कारखान्याच्या आवारात उघडते, त्यामुळे कामगार आणि कामासाठी आलेली माणसे यांखेरीज कोणालाही पुढे जाता येत नाही.

याचे कारण या मार्गाच्या जन्मात आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस उद्योगपती आसानो सोइचिरो यांनी तेथील समुद्रात भराव टाकून कारखान्यांसाठी जमीन तयार केली आणि त्या कारखान्यांच्या मालाची ने-आण करण्यासाठी 1926 मध्ये ही रेल्वे सुरू झाली. प्रवासी गाड्या त्यानंतर, 1930 मध्ये आल्या. उमी-शिबाउरा 1 नोव्हेंबर 1940 रोजी उघडले. उमी म्हणजे समुद्र, आणि शिबाउरा हे नाव तोशिबाच्या पूर्वज कंपनीचे. खासगी असलेला हा मार्ग 1943 मध्ये सरकारने ताब्यात घेतला, तरी स्थानकांची बरीचशी नावे तशीच राहिली. आसानो हे स्थानक खुद्द संस्थापकाच्या नावाचे, ओकावा हे कागद उद्योगातील ओकावा हेइझाबुरो यांच्या नावाचे, तर ओगिमाची हे नाव आसानो घराण्याच्या कुलचिन्हातील पंख्यावरून आलेले आहे.

पलूसच्या माणसाला हे नवल वाटू नये. आपल्याकडेही मूळच्या कुंडल रोड स्थानकाला किर्लोस्करवाडी हे नाव कारखान्यामुळेच मिळाले. फरक इतकाच, की आपल्याकडे रुळ आधीपासून होते आणि 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी त्यांच्या शेजारी कारखाना वसवला. त्सुरुमीत मात्र कारखान्यांसाठीच रुळ टाकले गेले, आणि म्हणून कारखान्याचे फाटक आले की रुळही संपतात.

तेथवर आलेल्या पाहुण्याची मात्र अगदीच उपेक्षा होत नाही, आणि मला या स्थानकाची हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कंपनीने 1995 मध्ये फलाटाला लागून असलेल्या आपल्या जागेत एक चिंचोळी बाग करून ती सर्वांसाठी खुली केली. स्थानकाच्या दाराशी असलेल्या कार्डयंत्राला प्रवासभाड्याचे कार्ड लावून बागेत जायचे, बाकावर बसायचे आणि परतताना पुन्हा कार्ड लावून गाडीत चढायचे. फलाटाच्या कठड्याखालीच कालव्याचे पाणी हलत असते आणि समोर त्सुरुमी-त्सुबासा हा तारांनी तोललेला मोठा पूल दिसतो.

आपण मुलीकडे गेलात तर संध्याकाळच्या सुमारास अवश्य जा. मात्र गाड्या कामगारांच्या पाळ्यांच्या हिशेबाने सुटतात. सकाळ-संध्याकाळ त्या बऱ्यापैकी असल्या, तरी दुपारी दोन गाड्यांमध्ये तासाहून अधिक अंतर पडते, तेव्हा निघण्यापूर्वी परतीच्या गाडीची वेळ पाहून ठेवावी.