सख्खा भाऊ कॉन्ट्रॅक्टर आणि मी त्याच डिव्हिजनमध्ये ज्युनियर इंजिनियर, चालेल का?

तुमचा प्रश्न असा की तुम्ही गोव्यात साबांखात (सार्वजनिक बांधकाम खात्यात) जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर आहात, सख्ख्या भावाने कॉन्ट्रॅक्टर म्हणून नाव नोंदवलंय, आता तो तुमच्याच डिव्हिजनच्या कामाची निविदा भरतोय, आणि ऑफिसमधले म्हणतात भाऊ वेगळा राहतो, तुमच्यावर अवलंबून नाही, काही होत नाही. होतं. मी सरकारी अकाउंट्समध्ये नोकरी केली, बांधकामाची बिलं तपासण्यातच बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ऑफिसमधले सांगतात त्याला थोडा आधार आहे. गोवा सरकारच्या नोकरांना केंद्राचे 1964 चे सीसीएस (केंद्रीय नागरी सेवा) वर्तणूक नियम लागू आहेत, त्यात कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको, आणि मुलं व बाकीचे नातेवाईक पूर्णपणे तुमच्यावर अवलंबून असतील तरच. नियम 4 सांगतो की ज्या कॉन्ट्रॅक्टमध्ये तुमचा किंवा कुटुंबातल्या कोणाचा संबंध आहे ते तुम्ही हाताळायचं नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवायचं. कमावता भाऊ ह्या व्याख्येत बसत नाही हे खरं. सगळे इथपर्यंत वाचतात आणि पुस्तक मिटतात. पण 2014 मध्ये नियम 3 मध्ये भर पडली, तिथे स्पष्ट लिहिलंय की आपल्या सरकारी कामाशी संबंध येणारे खाजगी हितसंबंध जाहीर करायचे आणि जनहिताला धक्का लागणार नाही अशा रीतीने ते सोडवायचे. तिथे अवलंबून असण्याची अटच नाही.

आणि खरी अडचण निविदेच्या कागदातच आहे, जो कोणी नीट वाचत नाही. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्राच्या बांधकाम खात्याच्या, निविदा सूचनेत अट असते की ज्या सर्कलमध्ये कॉन्ट्रॅक्टरचा जवळचा नातेवाईक जेईपासून अधीक्षक अभियंत्यापर्यंत कुठल्याही पदावर किंवा डिव्हिजनल अकाउंटंट म्हणून आहे तिथे त्याला टेंडर भरता येत नाही. सर्कल म्हणतात, म्हणजे अनेक डिव्हिजन मिळून होतं ते, नुसती डिव्हिजन नाही. आणि जवळचा नातेवाईक म्हणजे आजी-आजोबा, आई-वडील, मुलं-नातवंडं, भाऊ-बहीण, काका-मामा, आत्या-मावशी, चुलत-मामे भावंडं आणि ह्या सगळ्यांची सासरकडची नातीसुद्धा. अट मोडली तर मान्यताप्राप्त यादीतून नाव काढलं जाऊ शकतं, म्हणजे नुकसान भावाचंच. आपल्याकडचं कामकाजही बरंचसं त्याच साच्याचं आहे, तरी तुमच्या भावाने भरलेल्या निविदेतली अट आज रात्रीच काढून वाचा, शब्द तेच आहेत का बघा.

आता कोणी म्हणेल गोव्यात असं केलं तर टेंडर भरायला माणूसच उरणार नाही. 15 लाखांच्या आसपासचं राज्य, चवथीला एका माटोळीखाली (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या छताखाली) बसणारे चार जण चार खात्यांत असतात, नातं निघणारच. मला हे पटतं. नातं असणं हा गुन्हा नाहीच, ते माहीत असून न सांगता सही करणं हा आहे. लाच वेगळी गोष्ट, लुई बर्जर कंपनीने 2015 मध्ये अमेरिकेत लाच दिल्याचं कबूल केलं आणि त्यात गोव्याच्या जायका प्रकल्पाचं (जपानी कर्जातून झालेल्या पाणी-मलनिस्सारणाच्या कामाचं) नाव आलं, तिथे पैसे दिले-घेतले होते. तुमच्या बाबतीत एक पैसा न हलताही काम खराब होऊ शकतं.

कसं ते सांगतो. लोकांचं सगळं लक्ष टेंडर उघडतं त्या दिवसावर असतं, पण मला भीती वाटते ती मेजरमेंट बुकची (एमबी), म्हणजे झालेल्या कामाची मोजमापं लिहितात त्या वहीची. समजा ओहळाच्या कडेला चिऱ्यांची संरक्षक भिंत आहे, पाया किती खोल गेला हे तुम्ही मोजता, एमबीत लिहिता, मग माती भरली जाते आणि पाऊस सुरू होतो. एई (असिस्टंट इंजिनियर) टेस्ट चेक करतो, म्हणजे काही मोजमापं पुन्हा तपासतो, पण जमिनीखाली गेलेलं कोण उकरून बघणार? आमच्याकडे बिल यायचं तेव्हा आम्ही फक्त गुणाकार-बेरीज तपासायचो, खोलीचा आकडा तुमचाच. म्हणजे सगळी भिंत एका माणसाच्या शब्दावर उभी, आणि तो माणूस कॉन्ट्रॅक्टरचा भाऊ. मार्च अखेरीला बिलांची घाई असते तेव्हा तर कोणी दुसऱ्यांदा बघतही नाही. तुम्ही प्रामाणिक असाल, मी शंका घेत नाहीय, पण दोन पावसाळ्यांनी ती भिंत कोसळली तर तुमचा आकडा बरोबर होता हे कोणालाच पटणार नाही, तुमच्या बायकोलासुद्धा.

अजून एक, हे कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगतो. कॉन्ट्रॅक्टर परका पण त्याच्याकडे भाड्याने लागलेला जेसीबी किंवा टिपर साहेबांच्या बायकोच्या नावावर, असं फार बघितलंय. 2012 ला खाणी बंद पडल्यावर डिचोली-सांगे भागात घरोघरी टिपर उभे राहिले, त्यातले कितीतरी बांधकामाकडे वळले, पोटापाण्याचा प्रश्न होता, त्यात चूक काहीच नाही. पण नियमातल्या व्याख्येप्रमाणे कुटुंबातल्या कोणाचाही धंदा असेल तर नियम 15 प्रमाणे सरकारला कळवावं लागतं, आणि बायकोचं मशीन ज्या कामावर आहे त्या कामाचं बिल तुम्ही पास करणं हे नियम 4 मध्ये सरळ येतं. टेंडरच्या कागदावर तिचं नाव कुठेच नसतं म्हणून हे पकडलं जात नाही, एवढंच.

तुम्ही आता काय करावं? भावाला सांगा की दुसऱ्या सर्कलमध्ये भर, भांडण झालं तरी चालेल. निविदा आधीच भरली असेल तर उघडायच्या आत मागे घ्यायला सांगा. तुम्ही स्वतः कार्यकारी अभियंत्याला एक पानाचं पत्र द्या, त्यात भावाचं नाव, फर्मचं नाव, नोंदणीचा वर्ग लिहा आणि त्या फर्मच्या कुठल्याही कामाचं एस्टिमेट, मोजमाप, बिल माझ्याकडे देऊ नये असं मागा. ऑफिसच्या आवक रजिस्टरमध्ये नोंद करून शिक्का मारलेली प्रत घरी ठेवा. साहेब "अरे कशाला हे, मी आहे ना" म्हणतील, बहुतेक म्हणतातच, तेव्हा नम्रपणे सांगा की जे काही आदेश असतील ते पत्रावर लिहून द्या, आणि ते मिळेपर्यंत त्या कामाच्या एमबीला हात लावू नका.