बेअर टोटेम बार्बेरियनची ताकद कशात आहे आणि त्याला अडवायचं कसं?

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळाच्या २०१४च्या नियमांनुसार सांगतो. बार्बेरियन या योद्ध्याने तिसऱ्या लेव्हलला बेअर टोटेम (अस्वलाची शक्ती) घेतला की रेजमध्ये (लढताना चढणाऱ्या संतापात) सायकिक, म्हणजे मनावरचं, सोडून सगळं डॅमेज निम्मं होतं. फायरबॉल या आगीच्या मंत्राचं २८ लागणार असेल तर अंगावर १४च. त्यामुळे समोरासमोर मारामारी करत बसूच नका. त्याची दुखरी नस म्हणजे विस्डम सेव्ह (मनावरचा मंत्र परतवण्यासाठी टाकायचा फासा). होल्ड पर्सन हा जखडणारा मंत्र लागू पडला की तो जागच्या जागी थिजतो आणि ५ फुटांच्या आतून बसलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे डॅमेजचे फासे दुप्पट! शिवाय एका टर्नपासून पुढच्या टर्नपर्यंत त्याने शत्रूवर हल्ला केला नाही आणि त्यालाही काही लागलं नाही, तर रेज संपतो. म्हणून उडणाऱ्यांनी दूरच राहावं. स्वतः हा बिल्ड खेळत असाल तर विस्डमसाठी रेझिलिएंट फीट (सेव्ह सुधारणारं जादा कौशल्य) आधी घ्या.