डोंगरात पूर दिसतोय आणि उसात दिसत नाहीये, असं का?

तुमची अडचण मला कळली ती अशी, की ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुराची सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाची इमेज स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेस केली, पुराआधीची एक इमेज घेऊन दोन्हींचा रेशो (भागाकार) काढला, थ्रेशोल्ड लावला, म्हणजे ज्या आकड्यापलीकडे पाणी धरायचं ती रेघ ठरवली, आणि गगनबावड्याच्या कड्यांवर पाणी आलं पण शिरोळ तालुक्यातली निम्मी शेतं कोरडीच राहिली. कॅलिब्रेशन, स्पेकल फिल्टर (रडारचे ठिपके कमी करणं), टेरेन करेक्शन हे सगळं बरोबर केलंय तुम्ही, तेच तेच परत रन करत बसू नका.

आधी डोंगराचं बघू. तुमच्या फाइलच्या नावात वेळ असते ती बघा (ती यूटीसीमध्ये असते, साडेपाच तास मिळवा), पुराची इमेज सकाळी सहा-साडेसहाची आहे आणि आधीची संध्याकाळची. सकाळी उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेला जातो, रडार कायम उजवीकडे बघतं, म्हणजे पश्चिमेला, त्यामुळे सह्याद्रीचे कोकणाकडचे कडे सावलीत जातात. संध्याकाळी उलटं, तेच कडे रडारच्या समोर येतात आणि लख्ख उजळ दिसतात. रडारमध्ये उघडं पाणीही काळंच दिसतं, त्यामुळे उजळ होतं ते काळं झालं की रेशोला वाटणारच पाणी भरलं म्हणून! टेरेन करेक्शनने पिक्सेल जागेवर बसतो, सावली जात नाही. तेव्हा दोन्ही इमेज एकाच रिलेटिव्ह ऑर्बिटच्या, म्हणजे उपग्रहाच्या त्याच वाटेवरून काढलेल्या घ्या आणि वर पाच अंशांपेक्षा जास्त उताराचा भाग मास्क करून टाका.

दुसरं म्हणजे डेसिबलमध्ये (लॉग मापात) नेलेल्या इमेजचा भागाकार करू नका, तिथे वजाबाकी करायची, भागाकार लिनियरमध्ये, म्हणजे मूळ साध्या आकड्यांत. आणि ओत्सू (थ्रेशोल्ड आपोआप ठरवणारी पद्धत) अख्ख्या २५० किलोमीटरच्या पट्ट्यावर चालवलंत तर पाण्याचा हिस्सा इतका कमी असतो की हिस्टोग्रामला (कोणत्या उजळपणाचे किती पिक्सेल, त्याचा आलेख) पाण्याचा आणि जमिनीचा असे दोन उंचवटे येतच नाहीत, मग तो कुठेही रेघ मारतो. पंचगंगा-कृष्णेचा सखल भाग कापून घ्या, तिथेच चालवा.

आता ऊस, आणि खरं दुखणं हेच आहे. पूर ओसरल्यावर मी नृसिंहवाडीजवळच्या एका शेतात गेलो होतो, उसाच्या पानांवर गाळाची रेघ माझ्या डोक्याच्या वर होती आणि त्याच्याही वर हिरवं वाढं (उसाचा शेंडा) स्वच्छ. माझ्या नकाशात ते शेत कोरडं होतं. सेंटिनेल-१ चं रडार सी-बँडचं, त्याची लहर साधारण साडेपाच सेंटिमीटरची, ती दाट पाल्यातून खाली उतरतच नाही, वाढ्यावरूनच परत येते, मग खाली पाणी असो नाहीतर ढेकळं. उलट शेजारी नुकतीच आडसाली लागण झालेली असेल तर तिथलं पाणी उघडंच असतं आणि ते रान काळं दिसतं, म्हणून तुम्हाला ठिगळं-ठिगळं दिसतायत. हे थ्रेशोल्ड हलवून सुटत नाही, मी हलवून बघितलंय, ऊस पकडायला गेलं की वाळलेली माळरानंही पुरात येतात.

मी आता असं करतो, उभ्या उसाचा वेगळा मास्क काढतो, पूर यायच्या आधीच्या ऑप्टिकल (साध्या फोटोसारख्या) इमेजवरून. मग ज्या उसाच्या चारी बाजूंना पाणी मिळालंय आणि जमिनीची पातळीही त्या पाण्याच्या खालीच आहे, तो भाग नकाशात तिसऱ्या रंगात दाखवतो, 'ऊस, पाणी असण्याची शक्यता'. कोरडा म्हणून सोडून देत नाही, कारण असा नकाशा पंचनाम्याच्या वेळी कुणी समोर ठेवला तर ज्याचा ऊस आठवडाभर पाण्यात कुजला तोच बाहेर राहील.

एकाच ऑर्बिटच्या जूनमधल्या तीन-चार इमेज घेऊन लिनियरमध्ये सरासरी काढा आणि तीच 'आधीची' म्हणून वापरा. जुलैतली एकटी इमेज नको, पश्चिमेकडे भाताची खाचरं तेव्हा भरलेली असतात. हे करून शिरोळचा तुकडा आणि त्याचा हिस्टोग्राम इथे टाका, मग थ्रेशोल्डचं बोलू.