दोन वर्षं घालवली, पैसे घातले आणि जॉबच नाही लागला तर?

न्यू जर्सीत आपल्या बायकांकडून हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. नवरा एच-वनबी वर्क व्हिसावर, हिच्याकडे एच-४ ईएडी, म्हणजे अशा नवऱ्याच्या बायकोला मिळू शकणारं वर्क परमिट, मुलं शाळेत जायला लागलीत, आणि मग "ताई, मेडिकल लाईनमधलं काहीतरी करू का, पटकन जॉब लागेल असं?"

मागच्या वर्षी एक जण आली (तपशील थोडे बदललेत), कोल्हापूरची बीएससी मायक्रोबायोलॉजी, बारा वर्षांची गॅप. पर्समधून चकचकीत ब्रोशर काढलं, कुठल्याशा खाजगी इन्स्टिट्यूटचं, नऊ महिन्यांत मेडिकल असिस्टंट, फी अठरा हजार डॉलर, आणि कोपऱ्यात नवऱ्याने पेनाने लिहिलेलं, "ईएमआय??" मला हसू आलं आणि धसकाही बसला. मेडिकल असिस्टंटचा मधला पगार २०२३ च्या सरकारी आकड्यांत वर्षाला ४२,००० डॉलरच्या आसपास, आणि हेच शिक्षण काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजात बरंच स्वस्तात होतं.

"मग नर्सिंगच करते." आरएनचा, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचा, आकडा ८६,००० च्या वर, म्हणजे दुप्पट, मोह होणारच. पण ती 'दोन वर्षांची असोसिएट डिग्री' सीट मिळाल्यापासून मोजायची, त्याआधी अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजीचे दोन कोर्स, मायक्रो, बऱ्याच ठिकाणी टीईएएस ही प्रवेश परीक्षा, आणि मग सीटसाठी चुरस. आणि जुने सायन्सचे क्रेडिट्स बरेच नर्सिंग प्रोग्राम धरतच नाहीत. "म्हणजे मायक्रो परत? अहो ताई, पेट्री डिश धुण्यात कॉलेज गेलं माझं!" त्यात पेल ग्रँट, म्हणजे शिक्षणासाठीची फेडरल सरकारची मदत, एच-४ वर मिळत नाही, सगळं खिशातून.

मी तिला ब्रोशरच्या मागेच लिहायला लावलं. ट्यूशन, युनिफॉर्म, लसी, बॅकग्राउंड चेक, दुसरी गाडी. मग क्लिनिकल, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रात्यक्षिक, पहाटे घर सोडायचं आणि बिनपगारी, मग मुलांना बसला कोण सोडणार? तिथे पेन थांबलं ते थांबलंच.

दुसऱ्या भेटीत नवऱ्यालाही बोलावलं. म्हटलं, जाहिरातीतली '९५ टक्के प्लेसमेंट' कोणी मोजली ते विचारा, आणि त्यापेक्षा त्या कॉलेजचा एनसीएलेक्सचा, म्हणजे नर्सिंग लायसन्सच्या परीक्षेचा, पास रेट बघा, तो उघड असतो. प्रोग्रामला एसीईएनसारख्या, नर्सिंगचे कोर्स तपासणाऱ्या संस्थेची मान्यता आहे का तेही. शिवाय मोठ्या हॉस्पिटलांना बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर डिग्री, लागते बरेचदा, आणि पलीकडे न्यूयॉर्कमध्ये तर २०१७ च्या कायद्याने नवीन आरएनला दहा वर्षांत ती करावीच लागते, म्हणजे पहिली नोकरी नर्सिंग होममध्ये धरून चालायचं. तो इतका वेळ फोनमध्ये होता, तेव्हा कुठे मान वर केली.

ईएडी रिन्यूअल लांबलं तर काय, ही भीती खरी आहे, तिच्यावर माझ्याकडे औषध नाही. म्हणून एकदम उडी नको, एकच कोर्स घे म्हटलं. तिने काउंटी कॉलेजात संध्याकाळचं अ‍ॅनाटॉमी घेतलं, बी प्लस आला, आता मायक्रो चालू आहे आणि मंगळवार-गुरुवारचा स्वयंपाक नवऱ्याकडे, रोज खिचडीच होते म्हणते.