जुन्या वास्तूंचे संवर्धन हा व्यवसाय : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मी यंदा विज्ञान शाखेतून बारावी उत्तीर्ण झाले आहे. माझ्या आजोळी मामांची जुनी गढी आहे आणि गेल्या दोन पावसाळ्यांत तिचा अर्धा भाग ढासळला. तेव्हापासून जुन्या इमारती वाचवण्याचेच शिक्षण घ्यावे असे मला वाटते. त्यासाठी वास्तुकला शिकावी की पुरातत्त्व? वडिलांचे म्हणणे असे, की मराठवाड्यात या कामावर पोट भरणार नाही. कृपया मार्गदर्शन करावे.
— एक विद्यार्थिनी, परंडा तालुका, जि. धाराशिव

उत्तर : आधी शिक्षणाचे पाहू. पुरातत्त्वज्ञ एखाद्या वास्तूचा काळ, तिचे कर्ते, तिच्यात झालेले बदल आणि मातीखालचा पुरावा यांचा शोध घेतो. संवर्धन वास्तुविशारद त्या पुराव्याला धक्का न लावता वास्तू उभी कशी राहील याचा विचार करतो; पाणी कोठून शिरते, कोणता दगड बदलायचा आणि कोणता झिजलेला असला तरी तसाच ठेवायचा हे तो ठरवतो, त्याचे आराखडे व अंदाजपत्रक करतो आणि कामावर उभा राहून ते करून घेतो. गढी ढासळताना पाहून तुम्हाला पडलेला प्रश्न या दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून तुम्ही वास्तुकला घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पुरातत्त्वाची ओढ पुढेही टिकली, तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजसारख्या संस्थेत त्याचे पदव्युत्तर शिक्षण घेता येते.

बी.आर्क. ही पाच वर्षांची पदवी आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित असणे आवश्यक असते. ‘नाटा’ ही अभियोग्यता चाचणी किंवा जेईई (मुख्य) परीक्षेतील वास्तुकलेचा पेपर द्यावा लागतो आणि महाराष्ट्रातील प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत होतात. गुणांची अट अधूनमधून बदलते, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी. पदवीनंतर, १९७२ च्या वास्तुविशारद अधिनियमाखाली स्थापन झालेल्या वास्तुकला परिषदेकडे नोंदणी केल्यावरच स्वतःला वास्तुविशारद म्हणवून घेता येते. संवर्धनाचे खास शिक्षण त्यानंतर दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मिळते. दिल्ली आणि भोपाळ येथील स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर, अहमदाबादचे सेप्ट विद्यापीठ, मुंबईची कमला रहेजा संस्था ही त्यांतील परिचित ठिकाणे आहेत. म्हणजे एकूण सात वर्षे धरून चालावे लागेल, आणि हा हिशेब घरच्यांसमोर आजच मोकळेपणाने मांडलेला बरा.

आता गढीकडे वळतो, कारण तिचा अर्धा भाग का पडला हे समजून घेणे हाच तुमचा पहिला पाठ आहे. आपल्याकडच्या गढ्यांचे बुरूज आणि भिंती पुष्कळदा पांढऱ्या मातीच्या, खाली दगडी जोते आणि वर माळवद अशा असतात. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या वा कडीपाट घालून वर पांढऱ्या मातीचा जाड थर. हा थर दरवर्षी मृगापूर्वी पाहावा लागतो. भेगा बुजवाव्या लागतात, नवी माती घालावी लागते, पन्हाळी मोकळ्या ठेवाव्या लागतात. माणसे शहरात गेली की हे काम थांबते. दोन-तीन पावसाळ्यांत पाणी तुळईच्या त्या टोकापर्यंत पोहोचते, जे भिंतीत पुरलेले असते आणि म्हणून कोणाला दिसत नाही. ते टोक कुजले की तुळई खचते, भिंतीचा माथा उघडा पडतो आणि मातीची भिंत वरून विरघळत येते. बहुतेक गढ्या अशा छपरापासून खाली पडतात. म्हणून सुट्टीत आजोळी गेल्यावर उरलेल्या भागाच्या भिंतींचे माथे निदान ताडपत्रीने झाकून घ्या आणि पाणी भिंतीपासून दूर जाईल असा उतार करून घ्या. ढासळलेली माती आणि लाकडे मात्र कोणाला नेऊ देऊ नका. जुनी पांढरी माती शेतात टाकायला म्हणून उपसून नेण्याची सवय आपल्याकडे आहे. पण दुरुस्तीसाठी तिच्याइतकी योग्य माती दुसरी मिळणार नाही.

मात्र याच मातीची आणि दगडाची दुसरी बाजू तुमच्या जिल्ह्यातील माणसाला सांगावी लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतील हजारो माणसे झोपेत गेली, ती मुख्यतः मातीत बांधलेल्या दगडी भिंती आणि त्यांवरची जड माळवदे कोसळून. त्या भिंतींना आतले व बाहेरचे असे दोन स्वतंत्र थर होते, मध्ये दगडमातीचा भराव होता आणि दोन्ही थरांना एकत्र धरणारे लांब आरपार दगड फार थोड्या ठिकाणी होते. धक्का बसताच थर एकमेकांपासून सुटले. तेव्हापासून आपल्या भागात जुन्या घराविषयी जी भीती आहे, तिला अज्ञान म्हणून बाजूला सारणारा वास्तुविशारद मला जबाबदार वाटत नाही. ज्या वाड्यात उद्या माणूस झोपणार आहे, त्याच्या भिंतीत ठरावीक अंतराने आरपार दगड किंवा तशाच कामाचे बंध घालणे, छपरावरचा मातीचा अनावश्यक भार उतरवणे, भिंतींना चौफेर एकत्र बांधणारा पट्टा देणे, हे सारे करणे आवश्यक आहे आणि ते वास्तूचे रूप न बिघडवता करता येते. मराठवाड्यात काम करणाऱ्याने संरचना अभियंत्याबरोबर बसून हा विषय नीट शिकून घ्यावा. बाहेरून येणाऱ्या तज्ज्ञापेक्षा आपल्याला तो अधिक कळायला हवा, असे मला तळमळीने वाटते.

वडिलांच्या शंकेत तथ्य आहे, म्हणून ती टाळणार नाही. अजिंठा, वेरूळ, देवगिरी, बीबी का मकबरा ही केंद्रीय संरक्षित स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. इतर अनेक वास्तू राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे आहेत. तेथे नोकरीच्या जागा मोजक्या असतात आणि भरती सावकाश होते. पण संरक्षित यादीच्या बाहेर काय उरते, ते पाहा. औसा, उदगीर, कंधार या किल्ल्यांभोवतीच्या जुन्या पेठा, चारठाण्यासारख्या गावांतील बारवा (पायऱ्यांच्या विहिरी) आणि मंदिरे, अंबाजोगाईचे वाडे, छत्रपती संभाजीनगरचे दरवाजे, गावोगावचे मठ, दर्गे, समाध्या. त्यांतील पुष्कळ वास्तूंची आजवर साधी मोजणीही झालेली नाही. देवस्थानांचे विश्वस्त, नगरपालिका, वाड्यांचे वारस यांना दुरुस्ती करायचीच असते, आणि जाणकार न मिळाल्याने ती सिमेंट, ऑइलपेंट आणि चकचकीत फरशीने केली जाते. काम आहे, त्याचे पैसे मात्र उशिरा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळतात. पहिली काही वर्षे एखाद्या अनुभवी कार्यालयात काढावी, नंतर साध्या घरबांधणीच्या कामांची जोड ठेवावी, असे मी सुचवेन. माझ्या ओळखीच्या बहुतेकांनी असेच केले आहे आणि त्यात कमीपणा नाही.

एक गोष्ट महाविद्यालयात कोणी सांगणार नाही म्हणून लिहितो. मोडी आणि उर्दू शिका. १९४८ पर्यंत आपला प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्याचा कारभार आधी फारसीत, पुढे उर्दूत चालला. इनामाचे, दुरुस्तीच्या खर्चाचे, जमिनीच्या हद्दीचे कितीतरी कागद त्या लिपीत आहेत, तर घरोघरच्या दप्तरांत मोडी आहे. तुमच्या मामांच्या घरी एखादे रुमाल बांधलेले दप्तर असेल, तर गढीच्या विटेइतकेच ते जपा.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे बी.आर्क.च्या चौथ्या वर्षात आहे. अभ्यासक्रमात सारा भर आरसीसीवर आहे. एका मंदिराच्या कामावर कंत्राटदार म्हणाला, की चुन्यात थोडे सिमेंट घातले तर काम पक्के होते आणि काही बिघडत नाही. हे खरे आहे का? आणि पदव्युत्तर प्रवेशापूर्वी अनुभव कसा मिळवावा?
— एक विद्यार्थी

उत्तर : हे खरे नाही. जुनी भिंत जमिनीतून आणि पावसातून पाणी घेते आणि सांध्यांतल्या सच्छिद्र चुन्यातून ते पुन्हा बाहेर टाकते. सांधे सिमेंटने भरले की ती वाट बंद होते. मग पाणी दगडातून किंवा विटेतून बाहेर पडू पाहते, बरोबर आणलेले क्षार पृष्ठभागामागे स्फटिकरूप होतात आणि दगडाचा पापुद्रा, विटेचे तोंड सुटून पडते. बेसॉल्टसारख्या घट्ट दगडात हे सावकाश दिसते, तेरच्या मंदिरांसारख्या विटांच्या कामात फार लवकर दिसू शकते. शिवाय चुना थोडा हलतो, सिमेंट हलत नाही. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोते दरवर्षी किंचित हलत असते. चुन्यात पडणारी बारीक भेग पुढे पुष्कळदा आपोआप सांधते, सिमेंट मात्र शेजारचा दगड घेऊन फुटते. सांध्यात भरायचा माल दगडापेक्षा मऊच असला पाहिजे. हेमाडपंती बांधणीत तर बहुतेक सांधे चुन्याविना, दगडाच्या खाचांवर आणि वजनावर बसवलेले असतात. त्यांच्या फटींत सिमेंट कोंबणे हा त्या रचनेचा अपमान आहे.

परत काढता न येणारा उपचार करू नये, हे तत्त्व आपल्याच भागातील एका उदाहरणावरून लक्षात ठेवा. १९२० ते १९२२ च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याची चित्रे जपण्यासाठी इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पुन्हा बसवण्याचे मोलाचे काम केले. पण रंगांवर लाखेचा लेपही दिला, जो पुढे पिवळा आणि काळपट पडला. तो उतरवण्यात नंतरच्या रसायनतज्ज्ञांचा फार काळ गेला. तेव्हाचे ते उत्तम ज्ञान होते आणि हेतूही शुद्ध होता. म्हणूनच आज आपल्याला उत्तम वाटणाऱ्या रसायनाविषयीही मी सावध राहतो.

चुना हाताने शिका. कळीचा चुना विरवणे, तो पाण्याखाली काही आठवडे मुरू देणे, वाळू आणि सुरखीचे (विटांच्या पुडीचे) प्रमाण, चुन्याच्या घाण्यात मळणे, हे पुस्तकातून येत नाही. माझ्या पहिल्याच स्वतंत्र कामावर एप्रिलच्या उन्हात मी गिलावा करून घेतला आणि ओल्या गोणपाटांची व्यवस्था दुसऱ्या दिवसावर टाकली. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, पण त्यासाठी आत ओल असावी लागते. माझा गिलावा नुसता वाळला आणि पावसाळ्यापूर्वीच पिठासारखा झडू लागला. वयस्क गवंडी पहिल्या दिवशीच मला सांगत होता आणि मी ऐकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

अनुभवासाठी मोठ्या कार्यालयाची वाट पाहू नका. तीन-चार मित्र मिळून एक छोटी वास्तू निवडा, एखादी बारव किंवा वेशीचा दरवाजा. मालकाची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्या आणि टेप, ओळंबा व पातळी पाहण्याची पाण्याची नळी घेऊन तिची संपूर्ण मोजणी करा. ड्रोन आणि लेझर स्कॅनर नंतर शिकता येतील. हाताने मोजताना डोळा दगडादगडावर थांबतो, तसा तो संगणकासमोर थांबत नाही. त्या आराखड्यावर ओल, भेगा, झाडांची मुळे, नंतरची दुरुस्ती हे सारे वेगवेगळ्या रंगांत भरा. भेगेवर काचेची पातळ पट्टी चिकटवून तारीख लिहून ठेवा. पट्टी तडकली तर भेग अजून चालू आहे, आणि ती का चालू आहे हे कळेपर्यंत ती बुजवायची नाही. असा एक पूर्ण संच पदव्युत्तर प्रवेशाच्या मुलाखतीत दहा सुंदर छायाचित्रांपेक्षा अधिक बोलतो.

याच पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यावरही जाऊन या. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. पूर आला की नर-मादी धबधब्यांतून पाणी त्याच्या डोक्यावरून कोसळते आणि आतल्या दालनात माणूस कोरडा उभा राहतो. पाणी कोठून घेतले आणि कोठून सोडले, हे तेथे उभे राहून वहीत काढा.

प्रश्न : आमच्या घरात तीन पिढ्यांपासून गवंडीकाम आहे. मी दहावीनंतर आयटीआय केले. पदवीशिवाय या क्षेत्रात जागा आहे का?
— एक वाचक, औसा

उत्तर : आहे, आणि तुमच्यासारख्या माणसांविना आमचे आराखडे कागदावरच राहतात. चुन्याचे आणि घडीव दगडाचे काम जाणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत, त्यामुळे संवर्धनाच्या कामांवर त्यांना बोलावणे येते. आजोबा हयात असतील तर त्यांच्याकडून गिलाव्यात हिरडा, गूळ, बेलफळ केव्हा आणि किती घालत, हे आजच विचारून लिहून घ्या. प्रत्येक कामाची वही ठेवा : चुना कोठला, कधी विरवला, वाळू कोणत्या ओढ्याची, प्रमाण काय, हवामान कसे होते, आणि वर्षानंतर पाहिले तेव्हा काम कसे होते. नमुन्याची एक-दोन हात लांबीची भिंत स्वतःच्या अंगणात बांधून ठेवा. वास्तुविशारद किंवा खात्याचा अभियंता भेटला की ती वही आणि ती भिंत दाखवा.