पट कळतो तुला, फुटबॉलही कळेल

धामणगाव रेल्वे, जि. अमरावती

प्रिय बेटा,

तुझं पत्र परवा वाचलं. "सर, काम चांगलं आहे, पण गमत नाही. सामन्याच्या दिवशी सारं ऑफिस दुसऱ्याच भाषेत बोलते," असं तू लिहिलंस. पोर्तुगीज तर तुला येते. म्हणजे ही दुसरी भाषा कोणती, ते मला बरोबर ठाऊक आहे. फुटबॉलची.

2014 साली सोयाबीन बियाण्याच्या कामाने मी तिथेच, ब्राझीलच्या मातो ग्रोसो राज्यात, रोंदोनोपोलिसला होतो. विश्वचषकाचे चार सामने शेजारच्या कुयाबात झाले. ब्राझीलचा सामना असला की दुकानांची शटरं खाली, सरकारी कचेऱ्या लवकर बंद, रस्ते हिरव्या-पिवळ्या रंगाने रंगवलेले. मला वाटलं, पोळाच आहे. तिथेच माझी गफलत झाली.

8 जुलैला जर्मनीशी उपांत्य सामना होता. गोदामात टीव्ही लावला होता. तेविसाव्या ते एकोणतिसाव्या मिनिटात चार गोल बसले, पहिला धरून पाच. शेवटी 7-1. ट्रॅक्टरचा मेकॅनिक माझ्या शेजारी होता. त्याला बरं वाटावं म्हणून मी म्हणालो, "जाऊ दे, खेळच तर आहे." तो काही बोलला नाही. खुर्ची सरकवून उठला आणि बाहेर गेला. पुढचे आठ-दहा दिवस तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

मला काही कळलं नाही, बाप्पा. मयतीच्या घरी जाऊन आपण "जाऊ द्या, माणूसच तर होता" असं म्हणतो का? पण तेव्हा हे सुचलं नाही.

सुचलं ते गावी आल्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती, म्हणजे आपला पट, बंद केल्या होत्या. पुढच्या जानेवारीत मी घरी पोचलो, तर तळेगाव दशासरचं पटाचं मैदान मोकळं. आमचे बाबा अंगणात जोडीच्या घुंगुरमाळा पुसत बसले होते, उगाच. एक पाहुणा सहज म्हणाला, "काका, शर्यतच तर होती." बाबा तसेच उठले. हुबेहूब त्या मेकॅनिकसारखे. मला भर उन्हात कापरं भरलं.

म्हणून सांगतो, फुटबॉलचा ऑफसाइडचा नियम शिकायच्या मागे लागू नको. ते कोणीही दहा मिनिटांत मीठ-मिरीच्या डब्या मांडून दाखवेल. लोकांना त्यांच्या हरण्याबद्दल विचार. जिंकलेलं सगळेच सांगतात, पाच विश्वचषक आहेत त्यांच्याकडे. हरलेलं सांगताना माणूस खरं बोलतो. 1950 चं विचार. माराकाना मैदानावर नुसती बरोबरी पुरत होती, तरी उरुग्वेने 2-1 ने हरवलं. त्यानंतर त्यांनी पांढरा शर्ट टाकला आणि पिवळा घातला. बार्बोसा नावाच्या गोलरक्षकाला मात्र त्या एका गोलाचा बोल मरेपर्यंत लागून राहिला. तो 2000 साली गेला. आपल्याकडे पटात बैल अडखळला तर जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याला चार वर्षं बोलतात, तिथे पन्नास.

"तू कोणत्या क्लबची?" असं तुला विचारतीलच. घाईने जिंकणाऱ्याचं नाव घेऊ नको, ते लगेच ओळखतात. तुझ्या भागातले पुष्कळ सोयाबीनवाले दक्षिणेतल्या रिओ ग्रांदे दो सुलमधून आलेल्यांचे वंशज. त्यांच्याकडे ग्रेमियो किंवा इंटरनॅसिओनाल हे कुलदैवतासारखं घरातून येते, आजोबांकडून नातवाकडे. एकाच गल्लीत दोन्ही असतात आणि सामन्याच्या दिवशी कुंपणावरूनसुद्धा बोलत नाहीत. "माझं अजून ठरायचं आहे" असं म्हण. हे उत्तर त्यांना आवडते, कारण मग प्रत्येकजण तुला आपल्याकडे ओढतो, आणि पोटभर खाऊही घालतो.

आणि आपलंही दाखव. जाण्याआधी मेकॅनिकशी माझं जमलं ते कसं, सांगू? तिथल्या माळावर चरणारी पांढरी नेलोर गुरं मूळची आपल्या आंध्रातली, ओंगोल जातीची. हे मी त्याला सांगितलं आणि मोबाइलवर पटाचा व्हिडिओ लावला. धूळ, आरडाओरडा, पळणारे गोऱ्हे. त्याने एकच विचारलं, "यातली तुझी कोणती?" किती सेकंद, बक्षीस किती, काही नाही. तुझी कोणती.

आता तुझं एक काम. तुझ्या घरमालकिणीचं वय सत्तरीच्या आसपास आहे म्हणतेस. ब्राझीलमध्ये 1941 पासून 1979 पर्यंत बायकांना फुटबॉल खेळायला कायद्यानेच मनाई होती. म्हणजे त्यांचं सारं पोरपण त्यातच गेलं. आणि 2027 चा बायकांचा विश्वचषक तिथेच होणार आहे. संध्याकाळी कॉफी घेताना त्यांना विचार, लहानपणी कधी भावाचा चेंडू लपून लाथाडला होता का? तूही पटाला यायचीस. आजोबा तुला बैलगाडीवरून खाली उतरू देत नव्हते आणि तू तिथूनच घसा बसेस्तोवर ओरडायचीस, ते त्यांना सांग.

काय म्हणाल्या ते मला लिही. इथे कापसाची वेचणी चालू आहे, मजूर मिळत नाहीत. बाकी सगळे बरे.

तुझा,
सर